जावजी दादाजींचे अक्षर

आमचे घर पडावात आहे. स्टेशनकडून फूलबागेकडे निघाले की उजव्या हाताच्या एका बोळात. दोन तंबोरे, एक जुनी पेटी आणि माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक, एवढीच आमची वडिलोपार्जित इस्टेट. वडील दरबारचे गवई. दरबार गेला, तनखा गेला, तरी ते नाव त्यांना शेवटपर्यंत चिकटून राहिले, आणि खरे सांगायचे तर त्यांनीही ते कधी झटकले नाही. शेवटच्या काही वर्षांत त्यांची नजर फार मंदावली. मोतीबिंदू पिकला होता, पण डोळ्याला शस्त्र लावून घ्यायला ते तयार नव्हते. वर्तमानपत्र मी वाचून दाखवीत असे, पत्रेही मीच वाची. मात्र सकाळी स्नान झाले की ट्रंकेतला बृहत्स्तोत्ररत्नाकर ते स्वतः हातात घेत आणि पान उलटीत वाचत बसत. मला वाटे, सारे पाठच आहे, पुस्तक नुसते नावाला. एकदा मी खोडसाळपणे त्याच आकाराचे, नव्या छपाईचे स्तोत्रांचे दुसरे पुस्तक चौरंगावर ठेवले. त्यांनी ते उघडले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि एक शब्द न बोलता मिटून बाजूला सारले. जुने मागवून घेतले, तेव्हा कुठे वाचन पुढे चालले.

त्या जुन्या पुस्तकावर निर्णयसागर छापखान्याचे नाव होते, कोलभाट गल्ली, मुंबई. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हे नाव असलेले एखादे तरी पुस्तक असेल. पोथी असेल, रघुवंश असेल, नाहीतर आजोबांनी मुंबईहून व्ही.पी.ने मागविलेले पंचांग असेल. (नीमचहून निघणारे याच नावाचे हिंदी पंचांग वेगळे, त्याची गल्लत होऊ नये.) नाव सर्वांच्या ओळखीचे, पण ज्याने ते उभे केले तो जावजी दादाजी चौधरी कोण होता, आणि अंधुक नजरेच्या म्हाताऱ्याला त्याचेच अक्षर का दिसावे, हा विचार मी तरी त्या दिवसापूर्वी केला नव्हता.

जावजींचा जन्म मुंबईत १८३९ साली, गरीब घरात झाला. वडील लवकर गेले. शाळेशी संबंध जवळजवळ आलाच नाही. ज्याच्या छापखान्यातून पुढे कालिदास आणि बाणभट्ट निघाले, त्या माणसाला लहानपणी धुळाक्षरे गिरवण्याइतकीही सवड मिळाली नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तो अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. काम कसले, तर ओतून काढलेले खिळे दगडावर घासायचे.

हे खिळे घासणे म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण जावजींच्या साऱ्या आयुष्याचे मूळ मला त्या दगडापाशी दिसते. छपाईचे अक्षर तयार करायचे तर आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर ते उलटे कोरतात. याला पंच म्हणतात. कोरताना मधूनमधून ते टोक दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर उमटवून पाहायचे, आणि जेथे जास्त वाटेल तेथे कानशीने केसभर उतरवायचे. जास्त उतरले तर कांडी फुकट. पोलाद पुन्हा भरता येत नाही. मनासारखे अक्षर उतरले की कांडीला पाणी देऊन कठीण करायचे आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचे. तांब्यात जो खोलगट ठसा उमटतो ती मातृका. ती साच्यात बसवून वरून शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार होतो. एका मातृकेतून हजारो खिळे निघतात. पण साच्यातून निघालेल्या खिळ्याला कडेने बारीक कंगोरे असतात, खाली ओताची शेपटी असते. ते सारे काढून खिळा चारी अंगांनी सपाट करायचा, तो दगडावर घासून.

इंग्रजी खिळा थोडासा वाकडा घासला तर फार बिघडत नाही. दोन अक्षरांत तसेही अंतर असते. नागरीचे तसे नाही. नागरीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेखा आहे आणि ती शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत अखंड गेली पाहिजे. ही रेघ एका तुकड्याची नसते. प्रत्येक खिळ्यावर तिचा एक एक तुकडा असतो. खिळ्याच्या बाजूला कणभर कंगोरा राहिला की दोन तुकड्यांत फट पडली. एक खिळा केसभर खाली बसला की रेघेला पायरी पडली. वाचणाऱ्याला कारण कळत नाही. डोळा मात्र प्रत्येक फटीत अडखळतो. तंबोऱ्याची एक तार उतरली असली तर श्रोत्याला नेमके काय चुकते आहे ते सांगता येत नाही, पण बैठक रंगत नाही, तसेच हे. दहा वर्षांचा एक पोर दिवसभर ही फट नाहीशी करीत बसला होता. अक्षर वाचायला येण्यापूर्वी ते कोठे चुकते हे त्याच्या बोटांना कळले असले पाहिजे.

ज्या छापखान्यात तो होता तेही काही सामान्य ठिकाण नव्हे. मराठी छपाईचा आरंभ तसा बंगालात, श्रीरामपूरला झाला. केरीसाहेबाचे मराठी व्याकरण तेथे १८०५ साली छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१७ च्या सुमारास मराठी छपाई सुरू केली ती कलकत्त्याकडून आणलेल्या खिळ्यांवर. ते खिळे आकाराने मोठे आणि घडणीने ओबडधोबड होते. थोडक्या मजकुराला पुष्कळ कागद लागे. पुढे या छापखान्याला थॉमस ग्रॅहॅम हा कसबी माणूस मिळाला आणि त्याने लहान, सुबक नागरी अक्षरे कोरून काढली. याच छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी आधी शिळाप्रेसवर पंचांग छापून, मग स्वतःचे खिळे पाडून मुंबईत मोठे नाव मिळविले. म्हणजे जावजी ज्या ओतशाळेत दगडावर बसला ती या विद्येची गादीच होती. गाणे शिकायला आलेला मुलगा पहिली काही वर्षे तंबोरा पुसतो आणि ऐकतो. हा खिळे घासीत पाहत होता.

मिशनच्या छापखान्यानंतर इंदुप्रकाशसारख्या छापखान्यांतून काम करून १८६४ साली त्यांनी स्वतःची लहानशी ओतशाळा काढली. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतील यादवीमुळे विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेअरांच्या नादाने सारे शहर वेडे झाले होते. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या धुळीस मिळाल्या. त्याच दिवसांत पंचविशीतला एक अल्पशिक्षित माणूस शिसे वितळवून अक्षरे ओतीत होता आणि त्याचे दुकान बुडाले नाही. यात नशिबाचा भाग असेल. पण छापखाने वाढत होते, शाळा वाढत होत्या, वर्तमानपत्रे निघत होती, आणि चांगल्या खिळ्यांची वाण सगळ्यांनाच होती. ती नड जावजींनी आतून पाहिलेली होती. १८६९ साली त्यांनी स्वतःचा छापखाना घातला. तोच निर्णयसागर.

या ठिकाणी दुसरे एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. राणोजी रावजी आरू. जावजींचे सहकारी, आणि पोलादावर अक्षर कोरणारा हात मुख्यतः त्यांचा. आपण ज्याला निर्णयसागरचे वळण म्हणतो ते आरूंच्या कानशीतून उतरले आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापखान्याचे नाव असते, मालकाचे असते, संपादक शास्त्रीबोवांचे असते. कोरणाऱ्याचे कोठेच नसते. वाचकांतील जाणत्यांनी छपाईचे इतिहास चाळले तर त्यांत हे नाव सापडेल, पण पोथी वाचणाऱ्या हजारांतल्या एकालाही ते ठाऊक नसेल. मी गवयाच्या घरातला. मैफलीच्या हस्तपत्रिकेत तबलजीचे नाव लहान अक्षरांत आणि सारंगियाचे नाव मुळीच नाही, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या पाहिलेले. म्हणून असेल, ही गोष्ट मला टोचते. जावजींच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की ते खिळे घासण्यापासून वर आलेले असल्यामुळे आरूंच्या हाताची किंमत त्यांना पुरी ठाऊक होती, आणि तो हात त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. अक्षर कोणाचे म्हणावे? मी जावजींचे म्हणतो, लेखाला नावही तसेच दिले आहे. तरी प्रत्येक वेळी आरूंचे नाव मनात येते.

आता त्या अक्षराकडे वळू. निर्णयसागरचे पान समोर धरले की प्रथम जाणवतो तो काळा ठसठशीतपणा. उभे दंड भरदार. गोलाई पोटाशी जाड आणि सांध्याशी येईतो निमुळती होत केसासारखी बारीक. हा जाडबारीकपणा कोरणाऱ्याने हौसेने घातलेला नाही. तो बोरूतून आला आहे. तिरका छाटलेला बोरू एका दिशेने ओढला की रुंद रेघ देतो, दुसऱ्या दिशेने सरकवला की बारीक. रोमन अक्षरांत ज्या तिरप्या अंगाला जाडी पडते, नागरीत ती बरोबर उलट अंगाला पडते, कारण लेखणीची छाटणीच उलटी. म्हणून नुसत्या इंग्रजी नमुन्यावर हात बसलेल्या कारागिराला नागरी साधत नाही. आरूंच्या अक्षरात पोथी लिहिणाऱ्या जुन्या लेखकाचा हात पोलादात उतरला आहे, आणि पोलादामुळे तो हाताने लिहिण्यापेक्षा अधिक रेखीव झाला आहे.

युरोपातही असला प्रकार होऊन गेला होता. इटलीत पार्मा नावाचे एक लहानसे संस्थान होते, साधारण आपल्याकडच्या मध्यम संस्थानाएवढे. तेथल्या ड्यूकच्या पदरी बोदोनी नावाचा मुद्रक होता. तो १८१३ साली वारला. त्याने रोमन अक्षरातली जाड रेघ अधिक जाड आणि बारीक रेघ इतकी बारीक केली की आरशासारख्या गुळगुळीत कागदाशिवाय ती उमटेना. अक्षरांच्या टोकांना ज्या लहान आडव्या रेघा असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्याही त्याने नुसत्या केसाएवढ्या ठेवल्या. त्या अक्षराची शान काही और आहे. लंडनच्या व्यापाऱ्यांनी मग तेच वळण फुगवून लठ्ठ केले आणि लॉटरीच्या जाहिरातींना जुंपले, कारण लांबून नजरेत भरायला त्यासारखे दुसरे नव्हते. मला गंमत वाटते ती याची की बोदोनी दरबारी माणूस, त्याची पुस्तके राजेरजवाड्यांच्या कपाटांसाठी. आणि जावजी बाजारातला, त्याचे गिऱ्हाईक म्हणजे भिक्षुक, पंतोजी आणि शाळकरी पोरे. बोदोनीला हवा तसा कागद मिळे. जावजीला मिळेल त्या कागदावर, स्वस्तात, शेकडो प्रतींपर्यंत न मोडणारे अक्षर पाहिजे होते. म्हणून त्याची बारीक रेघ बारीक असूनही बेताची आहे. दरबारच्या आश्रयाचा अभिमान आम्हाला पुष्कळ. पण बाजाराने घातलेली ही शिस्त दरबाराने घातली असती की नाही, याची मला शंका आहे.

या अक्षराचा खरा उपयोग पाहायचा तर निर्णयसागरचे टीकेसह छापलेले एखादे संस्कृत पुस्तक उघडावे. वर मूळ श्लोक मोठ्या, ठळक अक्षरात. त्याखाली टीका मध्यम अक्षरात. अगदी तळाशी पाठभेद, त्याहूनही लहान. तीन थर आहेत, पण वळण एकच. त्यामुळे पान विस्कटत नाही आणि डोळ्याला न सांगता कळते की आता मूळ संपले, शास्त्रीबोवा बोलू लागले. हस्तलिखित पोथीत हे सारे एकाच आकारात, एकाला एक चिकटून असे, आणि मूळ कोणते, टीका कोणती हे ओळखण्यातच विद्यार्थ्याचा निम्मा दिवस जाई. पंचांगाचे काम याहून कठीण. एवढ्याशा चौकटीत तिथी, नक्षत्र, घटिका, पळे; एक आकडा पुसट आला तर कोणाच्या तरी घरचा मुहूर्त चुकायचा. आणि मुलांसाठी विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध मासिक १८८१ पासून याच छापखान्यात छापले जाई. कितीतरी मुलांना वाचनाची गोडी या अक्षरातून लागली.

जावजींना स्वतःला संस्कृत येत नव्हते, म्हणून त्यांनी ज्यांना येत होते त्यांना गोळा केले, आणि छापण्यापूर्वी तपासण्याचा खर्च कधी टाळला नाही. १८८६ साली काव्यमाला निघू लागली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. कपाटांत आणि देव्हाऱ्यांत कापडात बांधून पडलेले ग्रंथ एकामागून एक बाहेर येऊ लागले. जगन्नाथ पंडितांचा रसगंगाधर १८८८ साली आला. आनंदवर्धनाचा ध्वन्यालोक अभिनवगुप्तांच्या लोचनासह १८९१ साली आला. मराठीकडेही दुर्लक्ष झाले नाही. वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली काव्यसंग्रहातून मोरोपंतादी जुने कवी छापले जाऊ लागले.

१८९२ साली जावजी वारले. वय अवघे त्रेपन्न. काम त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी आणि त्यांच्यामागून पांडुरंग जावजी यांनी चालविले. जावजींच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८९४ साली, काव्यमालेच्या बेचाळिसाव्या क्रमांकाला भरतमुनींचे नाट्यशास्त्र प्रसिद्ध झाले. संपादक पंडित शिवदत्त आणि परब. तोपर्यंत हा ग्रंथ एकसंध असा कोठेच छापलेला नव्हता. श्रुती, ग्राम, मूर्च्छना, जाती, वाद्ये यांवरचे त्याचे अठ्ठाविसाव्यापासूनचे अध्याय आम्हा संगीताच्या लोकांना प्रथम हाताशी आले ते याच छापील पानांवरून. आमच्या घरी तो ग्रंथ नव्हता. वडील म्हणत, भरताने ग्वाल्हेरचा ख्याल कधी ऐकला नव्हता. मी नोकरीला लागल्यावर त्याची पुनर्मुद्रित प्रत विकत घेतली. दिल्ली-काशीच्या प्रकाशकांनी निर्णयसागरच्या जुन्या पानांचे फोटो काढून असे पुष्कळ ग्रंथ पुन्हा छापले आहेत. कित्येक ठिकाणी त्यांत बारीक रेघा उडालेल्या आहेत, पण जाड रेघा इतक्या भक्कम की शब्द तरीही उभा राहतो.

शब्द उभा राहतो असे मी म्हणालो खरे, पण याच उभे राहण्याने एकदा माझी चांगली फजिती केली आहे. ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांसाठी बंदिशींची एक छोटी पुस्तिका छापून घेतली. भातखंडे पद्धतीने स्वरलिपी दिली होती. त्या पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्रसप्तकाच्या स्वराखाली टिंब आणि तारसप्तकाच्या स्वरावर टिंब. म्हणजे सगळे गाणे दोन-चार बारीक खुणांवर तोललेले. छपाईवाल्याला मी जुने निर्णयसागरी पान दाखवून म्हटले की मला असे ठळक अक्षर हवे. त्याने संगणकावर जाडबारीक वळणाचे एक अक्षर काढून दिले. मोठ्या आकारात ते फारच देखणे दिसत होते. मग पाने वाढू लागली, खर्च वाढू लागला, म्हणून साऱ्या मजकुराचा आकार एकदम कमी केला. पुस्तिका छापून आली तेव्हा लांबून कशी काळीभोर, नीटनेटकी दिसत होती! जवळून पाहिली तेव्हा ष च्या पोटातली तिरपी रेघ नाहीशी झाली होती. षड्ज जेथे तेथे पड्ज झाला होता. ब चा व झाला होता. आणि कोमल स्वरांखालच्या रेघा अर्ध्या ठिकाणी गेल्या होत्या. एक मुलगी घरून बागेश्री बसवून आली, ती शुद्ध गांधार लावून. तिची काय चूक? पुस्तकात तसेच होते.

यात मी छपाईवाल्याला दोष देत नाही. आकार कमी करा म्हणणारा मीच. पण त्या निमित्ताने मला वडिलांच्या स्तोत्ररत्नाकराचे कोडे उलगडले. धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकारासाठी पंच वेगळे कोरावे लागत. मोठे अक्षर यंत्राने लहान करण्याची सोयच नव्हती. त्यामुळे लहान आकार कोरताना कारागीर बारीक रेघ प्रमाणाबाहेर बारीक होऊ देत नसे. तिला तो थोडी जाड ठेवी, पोटातली पोकळी थोडी मोठी ठेवी, अक्षर जरा रुंद करी. लहान अक्षर म्हणजे मोठ्याची धाकटी प्रत नव्हे, ते दुसरेच अक्षर; फक्त दिसायला सारखे. एकच तान मंद्रात घेतली तर गळ्याचे वजन एक लागते आणि तारसप्तकात घेतली तर दुसरे लागते. स्वरांची नावे तीच असली म्हणून नुसते वर सरकवून भागत नाही. संगणकावरच्या त्या अक्षराचे एकच चित्र होते, आणि आम्ही ते नुसते खाली सरकवले होते. वडिलांच्या हातातल्या एवढ्याशा पुस्तकात आरूंनी त्या आकारासाठी मुद्दाम बसून कोरलेले अक्षर होते. दिसत होते ते त्यामुळे.

जावजींच्या अक्षराचा दोषही येथेच सांगून टाकतो. ते वापरणे खर्चाचे आणि कष्टाचे होते. वेलांट्या, मात्रा, रफार, जोडाक्षरे यांचे इतके खिळे की जुळाऱ्यापुढे शेकडो घरांच्या केसा मांडाव्या लागत, आणि एकेक ओळ जुळवायला इंग्रजीच्या कितीतरी पट वेळ जाई. रोजच्या वर्तमानपत्राच्या घाईला आणि यंत्रावरच्या जुळणीला ते मानवणारे नव्हते. टिळकांसारख्या माणसाने खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोके शिणवले ते उगाच नाही. पोथीचे अक्षर पोथीला, पाठाला आणि शीर्षकाला. धावत्या मजकुराला दुसरे हलके अक्षर पाहिजे, असे माझे मत झाले आहे.

तरीही मुंबईच्या खिळ्यांची छाप किती लांब गेली, ते आपण ग्वाल्हेरकरांनी रोज पाहावे असे आहे. नागरीत काही अक्षरांची दोन वळणे चालत आली. अ, झ, ण यांचे उत्तरेकडचे वळण वेगळे आणि मुंबईचे वेगळे. आपल्या घरांत मुंबईचे, बाहेर हिंदीत उत्तरेचे, अशी आपल्याकडे दुहेरी वहिवाट. पण मुंबईत ओतलेले खिळे सर्वत्र जात. खेमराज श्रीकृष्णदास यांच्या व्यंकटेश्वर छापखान्यासारख्या संस्था तर मुंबईतच बसून हिंदी आणि संस्कृत ग्रंथ उत्तरेला पुरवीत. होता होता डोळे सरावले. स्वातंत्र्यानंतर हिंदीचे प्रमाण वळण सरकारने ठरविले तेव्हा अ, झ आणि ण मुंबईचेच घेतले गेले. ल आणि श मात्र हिंदीचे राहिले. त्यामुळे संगणकावरच्या मराठीतही हिंदी वळणाचेच ल आणि श दिसू लागले, आणि महाराष्ट्र शासनाला २००९ साली मराठी वळणाच्या ल आणि श साठी स्वतंत्र निर्णय काढावा लागला. पडावाच्या पुलाखालून जाताना दुकानांच्या पाट्या वाचा. अ मुंबईचा आणि ल उत्तरेचा, एकाच पाटीवर शेजारी शेजारी बसलेले दिसतील. आमचेही तसेच झाले आहे म्हणा. जेवण मराठी, भांडण हिंदीत.

आता माझे विद्यार्थी बहुतेक मजकूर मोबाइलवर वाचतात. तेथले सपाट, सारख्या जाडीचे अक्षर त्या काचेला योग्य आहे. विंडोजमधले मंगल हे अक्षर सांगलीकडच्या मातीतले र. कृ. जोशी यांनी घडविले. ते कवी होते, सुलेखनकार होते, आणि जाडबारीक रेघेचे मर्म त्यांच्याइतके थोड्यांनाच ठाऊक असेल; तरी पडद्यासाठी त्यांनी रेघ सारखी केली, कारण तेथे बारीक रेघ टिकत नाही हे त्यांनी ओळखले होते. जावजींचे अक्षर मोबाइलवर आणावे असा माझा मुळीच आग्रह नाही.

पण पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची आहे. या खेपेस रागाचे नाव आणि बंदिशीची पहिली ओळ तेवढी ठळक, जाडबारीक अक्षरात ठेवली आहे. स्वरलिपी सारख्या जाडीच्या अक्षरात घेतली आहे आणि कोमलाच्या रेघा वेगळ्या, जाड करून घातल्या आहेत. आकाराला हात लावायचा नाही, पाने वाढली तर वाढू द्यायची, असे छपाईवाल्याशी ठरले आहे. काल मुद्रिते आली. बागेश्री वडिलांच्या चष्म्यातून पाहिली. गांधाराखालची रेघ आली आहे, षड्जाचा ष शाबूत आहे. चौदाव्या पानावर भैरवाच्या धैवताची एक रेघ राहिली आहे, तेथे खूण करून ठेवली आहे.